औषध मारा, पण पालीची अंडी बघून

बडोद्यात पेस्ट कंट्रोलसाठी फोन येतो तेव्हा पत्ता सांगून झाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "आणि हो, पालींचंही बघा जरा." फोन गुजराती घरातला असेल तर "गरोळी पण जशे ने?" दोघांनाही माझं उत्तर एकच. पालीवर मी औषध मारत नाही, आणि झुरळांवर मारलेलं पालीपर्यंत पोचू नये म्हणून आधी तुमच्याकडून थोडं काम करून घेणार आहे. ते काम कुठलं, कशासाठी आणि कुठल्या महिन्यात, हे इथे लिहितो. औषध मी मारतो की दुसरा कुणी, की तुम्ही स्वतः दुकानातून बाटली आणून मारता, याने फरक पडत नाही.

मी दांडिया बाजारातला. इथल्याच विद्यापीठात झूलॉजी केलं, पुढे या धंद्यात पडलो. परवान्याला विज्ञानाची पदवी लागते म्हणून ती कामी आली. उरलेलं ज्ञान गिऱ्हाइकाला नको असतं, ते आज तुमच्या माथी मारतो.

डब्यावरचा त्रिकोण काय सांगतो

आपल्याकडे प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर चौकटीत एक रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. १९७१च्या कीटकनाशक नियमांपासून ही पद्धत आहे. प्रयोगातल्या जनावरांपैकी निम्मी मरायला, तोंडावाटे दिलेलं औषध किलोमागे किती मिलिग्रॅम लागतं, त्यावर रंग ठरतो. ५०पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. दुकानदार हिरवा त्रिकोण दाखवतो आणि म्हणतो, "एकदम सेफ."

हा आकडा मरण्याचा आहे. जे जनावर मेलं नाही, पण ज्याच्या अंगात औषधाचा अंश राहिला, त्याच्या अंड्यांचं काय झालं हे त्रिकोणाला विचारून उपयोग नाही, कारण ती मोजणी त्यात धरलेलीच नाही. म्हणून पहिली सूचना : रंग बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं टेक्निकल नाव आणि टक्केवारी वाचा. ब्रँडचं नाव विसरलात तरी चालेल.

न मारणारं विष काय करतं

पाल, सरडा, कासव, मगर, सगळ्यांची साखळी आपल्यासारखीच. मेंदूतून इशारा निघतो, तो मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, ती अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावते. मादीत एस्ट्रॅडिऑल हा हार्मोन तयार होतो, नरात टेस्टोस्टेरॉन. एस्ट्रॅडिऑल रक्तातून यकृतात गेलं की यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं, आणि त्यातून अंड्याचा बलक भरतो. म्हणजे पालीच्या अंड्यातला बलक तयार करण्याचं मोठं काम यकृत करतं, आणि विषाचा निचरा करण्याचं कामही त्याच यकृताकडे. अडचण इथेच सुरू होते.

काही विषं एस्ट्रॅडिऑलचं सोंग घेतात. काही टेस्टोस्टेरॉनची जागा अडवून बसतात. डीडीटी मोडून जे डीडीई उरतं ते असं करतं, हे १९९५मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. काहींमुळे यकृत इतकं तापून कामाला लागतं की विषाबरोबर अंगातला हार्मोनही भराभर बाहेर काढतं. बलक बनवण्याची सोय नरातही असते, फक्त ती निजलेली असते. नराच्या रक्तात व्हिटेलोजेनिन सापडलं, तर कुठूनतरी एस्ट्रॅडिऑलसारखं काही अंगात गेलंय असं समजतात. नर कासवांना डीडीटी दिल्यावर नेमकं हेच झालं.

या सगळ्याचा सर्वात गाजलेला दाखला अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा आहे. तिथे अपॉप्का नावाचं मोठं तळं आहे. १९८०मध्ये काठच्या टॉवर केमिकल कंपनीतून डायकोफॉल आणि त्यातलं डीडीटी तळ्यात गेलं. डायकोफॉल म्हणजे कोळी-किडीचं औषध, आपल्याकडेही चहा-कापसावर मारत. पुढच्या काही वर्षांत त्या तळ्यातली ॲलिगेटरची पिल्लं दिसेनाशी झाली. मोठी जनावरं होती, घरटी होती, अंडीही होती. अंड्यांतून फारसं काही निघत नव्हतं. शास्त्रज्ञ लुई गिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये त्यातून जगलेल्या लहान ॲलिगेटरांच्या रक्ताची तपासणी छापली. वुड्रफ या जवळपास स्वच्छ तळ्यातल्या पिल्लांशी ताडून पाहिलं, तर अपॉप्काच्या माद्यांत एस्ट्रॅडिऑल जवळजवळ दुप्पट होतं, आणि नरांत टेस्टोस्टेरॉन तिपटीहूनही कमी. माद्यांच्या अंडाशयात एकाच पिशवीत अनेक बीजं. नरांची जननेंद्रियं खुरटलेली. ही जनावरं पोहत होती, खात होती, वाढत होती. लांबून बघणाऱ्याला तळ्यात ॲलिगेटर आहेत एवढंच दिसलं असतं.

आपल्या विश्वामित्रीत त्यांची चुलत भावंडं आहेत. पावागडाकडून येणारी ही नदी कमाटी बागेच्या कडेने, काळ्या घोड्याच्या पुलाखालून भर शहरातून जाते, आणि तिच्यात मगरी सुखाने नांदतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या रस्त्यावर आल्या ते सगळ्या देशाने पाहिलं. मगरीच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवायची. तिचं पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडं मातीत किती तापतं त्यावर ठरतं. ३१ अंशांच्या आत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. मातीची ऊब अंड्यातल्या अरोमॅटेज या एन्झाइमचं काम वरखाली करते, ते एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्रॅडिऑल करतं, आणि लिंग ठरतं. १९९४मध्येच अमेरिकेत लाल कानाच्या कासवाची अंडी नर निघतील अशा तापमानाला ठेवून त्यांच्या कवचाला काही पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायची ती) रसायनं नुसती पुसली, तर माद्या निघाल्या. तापमानाचा हुकूम वरच्या वर बदलला गेला. पीसीबी हे काही कीटकनाशक नाही, पण कवचातून आत काय जाऊ शकतं हे त्यावरून कळतं.

आजची बहुतेक औषधं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत, हे खरं आणि चांगलंच आहे. पण पालीचं अंडं महिना-दोन महिन्यांत उबतं. मलेरियासाठी भिंतीवर मारलेलं डेल्टामेथ्रिन तीन ते सहा महिने डासाला पुरतं. म्हणजे भिंतीचा हिशेब अंड्याच्या हिशेबापेक्षा लांब चालतो.

आधी घर बघा

औषध मारायच्या दोन दिवस आधी बॅटरी घेऊन फिरा. मीटरबॉक्सच्या मागे, खिडकीच्या शटरच्या खाचेत, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, देवघराच्या वरच्या फळीवर, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली, भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटामागे. पालीची अंडी दोन-दोनच्या जोडीने असतात. पांढरी, गोल, चण्यापेक्षा मोठी, टणक. एकाच फटीत अनेक जोड्या सापडतात, कारण चांगली जागा माद्या वाटून घेतात. फुटलेली टरफलंही तिथेच पडून असतात. ती उचलू नका, त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

जिवंत अंडं आढळलं आणि ती जागा टाळता येत असेल तर टाळा. खरोखर हलवायचंच असेल, तर पेन्सिलीने वरच्या बाजूला बारीक टिंब करा आणि ते टिंब वरच राहील असं उचला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात पिल्लू आतून एका बाजूला धरलेलं असतं, कोंबडीसारखं अंडं फिरवलं तर ते मरतं. एका डबीत कोरडी वाळू घाला, झाकणाला भोकं पाडा आणि सावलीत, त्याच भिंतीजवळ ठेवा.

बागेत शोध वेगळा. सरड्याची मादी मऊ, ओलसर माती उकरून दहा-वीस अंडी घालते आणि वरून माती दाबून निघून जाते. तिचं अंडं चामड्यासारखं मऊ असतं, आणि वाढताना ते मातीतलं पाणी शोषून फुगतं. ज्या पाण्यात औषध आहे तेच पाणी ते शोषणार. म्हणून पालीच्या टणक अंड्यापेक्षा मला सरड्याच्या अंड्याची धास्ती जास्त. कुंड्या, वाफे, तुळशीवृंदावनाभोवतीची माती, नळाजवळची ओल, या जागा पावसाळ्यात सोडून द्या.

महिना कुठला

पोटाला पिवळसर असलेली आपल्या घरांतली मोठी पाल उन्हाळ्यात अंडी घालते. बागेतला सरडा उन्हाळ्याच्या शेवटाला मान लाल करून मिरवायला लागतो आणि अंडी पावसाळाभर चालतात. मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. बेरीज केली तर फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत कुणाचं ना कुणाचं अंडं आहेच.

मग थंडी? तिथे दुसरीच भानगड. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे जी पायरेथ्रॉइड कुळातली औषधं आहेत, ती थंड अंगात जास्त चढतात. आपलं रक्त कायम ३७ अंशांवर, पालीचं भिंतीएवढं. जानेवारीच्या रात्री बडोद्याची भिंत गार पडते तेव्हा तीच मात्रा पालीला जड जाते. आणि पावसाळ्यानंतरचा काळ? तेव्हा पाल पोटात चरबीच्या दोन गाठी साठवते, आणि त्याच चरबीवर पुढच्या अंड्यांची सोय होते. चरबीत विरघळणारं विष त्या ठेवीत जमा झालं तर उन्हाळ्यात बलकातून निघणार.

म्हणजे निखळ चांगला महिना नाहीच. त्यातल्या त्यात मी ऑक्टोबर-नोव्हेंबर सांगतो. नवरात्र उठलं, गरब्याचे मंडप निघाले की दिवाळीची साफसफाई सुरू होते, माळे रिकामे होतात, कपाटं भिंतीपासून सुटतात. अंडी उबून गेलेली असतात, अंगात ऊब असते, आणि मुख्य म्हणजे घर उघडं पडल्यामुळे फवारा कमी आणि नेमका मारता येतो. विश्वामित्रीच्या काठाला लागून ज्या सोसायट्या आहेत, त्यांनी मात्र हिरवळीवर आणि काठाकडच्या भिंतीपाशी फेब्रुवारी ते जुलै काहीच मारू नये. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिची अंडीही.

झुरळं

झुरळांसाठी फवारा मागू नका, जेल मागा. हे मी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय असं वाटेल, पण जेलचे पैसे जास्तच मिळतात. जेलचे थेंब बिजागरीच्या आत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरपाशी, ड्रॉवरच्या खाचेत लावायचे. झुरळ खातं, फटीत जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा खाऊन बाकीची मरतात. भिंतीवर काही राहत नाही. पाल भिंतीवर पोट टेकून चालते, पावलं चाटते, भिंतीवरचं पाणी पिते. फवारलेली भिंत म्हणजे तिच्यासाठी तिन्ही वाटांनी विष.

पाळायच्या गोष्टी तीन. जेल उघड्यावर नको, कारण पालीला गोड आवडतं आणि ती चाटते. जेल लावलेल्या जागी वरून स्प्रे मारू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि दोन्ही पैसे पाण्यात. आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी उलटी पडलेली झुरळं झाडून बंद पिशवीत टाका. पाय हलवणारं झुरळ पालीला सोपं सावज असतं.

झुरळांचा खडू लोक निरुपद्रवी समजतात. त्यातही तेच पायरेथ्रॉइड असतं. ओट्याखाली आखा हवी तर, पण दाराच्या चौकटीवर उभ्या रेघा मारू नका. पालीचा जायचा-यायचा रस्ता तोच.

वाळवी

वाळवीत सगळ्यात जास्त औषध मातीत जातं, म्हणून इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. जुन्या वाड्यांत, आणि बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे सागवान अजून भरपूर आहे, वाळवीची तक्रार आली की ड्रिलिंग होतं. भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिलिमीटरची भोकं, सुमारे फुटाफुटावर, प्रत्येकात औषधाचं पाणी, वर सिमेंट. घरातल्या या भागाबद्दल मला चिंता नाही. फरशीखाली सरडा जात नाही.

चिंता बाहेरच्या चराची. पायाभोवती चर खणून त्यात औषध ओततात आणि माती लोटतात. नुकती उकरलेली, भुसभुशीत, ओली माती. सरड्याच्या मादीला जागा निवडायला सांगितली तर ती हीच निवडेल. त्यामुळे बाहेरचा चर डिसेंबर ते फेब्रुवारीत (विश्वामित्रीच्या काठाला जानेवारीपर्यंतच) उरका, जूनच्या तोंडावर नको. माती भरल्यावर धुमसून घट्ट दाबा आणि वर गिट्टी किंवा पेव्हर टाका. एवढ्यानेही मादी दुसरीकडे जाते. तुळस, कढीपत्ता, विहीर, कूपनलिका जवळ असेल तर त्या बाजूला चर खणूच नका.

औषध कुठलं हे विचारा. क्लोरपायरीफॉस हे जुनं, स्वस्त आणि वासाचं. ते मज्जातंतूंवर चालतं, म्हणजे हार्मोनचा इशारा जिथून निघतो त्या मेंदूलाच हात घालतं. २०२५मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत ते काही सवलतींसह गेलं. लाकडालाच बोरेटचं द्रावण पाजणं, किंवा जमिनीत बेटचे, म्हणजे विषारी आमिषाचे, डबे पुरणं हे दोन पर्याय आहेत. बेटमधलं औषध वाळवीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, वारूळ खलास व्हायला महिने लागतात. घाईचं गिऱ्हाईक इथे टिकत नाही. ज्यांच्याकडे बाग आहे आणि धीर आहे त्यांनी बेटच घ्यावं.

पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या दिव्याभोवती गोळा होतात आणि पाली मेजवानी झोडतात, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. त्या रात्री लोक हिटचा फवारा घेऊन दिव्याखाली उभे राहतात. दिवा बंद करा. अर्ध्या तासात सगळं आवरतं.

उंदीर, डास, ढेकूण

उंदरासाठी पिंजरा किंवा चापाचा सापळा. उंदीर मारायच्या केकमधलं ब्रोमाडिओलोन हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, आणि सुस्त उंदीर धामणीच्या वाट्याला येतो. विष मग धामणीच्या यकृतात बसतं. ऑस्ट्रेलियात पर्थ शहराभोवतीच्या सापांची यकृतं तपासून २०२०मध्ये जे छापलं, त्यात ड्युगाइट जातीच्या बहुतेक सापांत असं उंदराचं विष होतं. आणि यकृत हेच बलकाचं स्वयंपाकघर, हे वर सांगितलंच. चिकट पुठ्ठे तर आणूच नका. त्यावर उंदराआधी पालीचं पिल्लू चिकटतं. चिकटलंच तर ओढू नका, खाद्यतेलाचे थेंब सोडून बोटाने हळूहळू मोकळं करा.

डासांसाठी पाणी काढून टाकणं आणि जाळ्या. साठवणीच्या पाण्यात पालिकेचे लोक कधी पायरीप्रॉक्सिफेन किंवा डायफ्लुबेन्झुरॉन टाकतात. यातलं पहिलं हार्मोनवरच चालतं हे ऐकून एक मावशी माझ्यावर उखडल्या होत्या. पण तो किड्याचा हार्मोन, अळीला अळीच ठेवणारा. पालीच्या अंगात तो नसतोच. हार्मोन शब्द ऐकून घाबरायचं असेल तर कुणाचा हार्मोन, हे आधी विचारावं.

ढेकणांना वाफ. ५० अंशांच्या पुढे ते आणि त्यांची अंडी दोन्ही टिकत नाहीत. गादीच्या शिवणीवरून वाफेचं यंत्र सावकाश फिरवा, पलंगाचे सांधे उघडा. स्प्रे मारायची वेळ आलीच तर फक्त पलंगाच्या सांध्यात.

माळ्यावरचा डबा

जुन्या घरात माळा उतरवला की हमखास एक गंजका डबा निघतो. गॅमेक्झिन, म्हणजे बीएचसी, आजोबांच्या काळात मुंग्यांवर भुरभुरायचे; त्यावर १९९७पासून बंदी आहे. डायक्लोरव्हॉसची बाटली, जिला घरोघरी नुवान म्हणत. ते २०२०च्या अखेरीस बंद झालं. शेत असलेल्या घरात एंडोसल्फान, २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेलं. आणि ज्याने अपॉप्काचं तळं नासवलं ते डायकोफॉल. त्यावर आपल्याकडे बंदी आली २०२३मध्ये. चरबीत विरघळून अंड्यात उतरणाऱ्या औषधांचा वारसा याच डब्यांत आहे, त्यामुळे "अजून चांगलं आहे, वापरून संपवू" हा बडोदेकरी काटकसरीपणा इथे नको. संडासात, मोरीत, झाडाच्या मुळाशी ओतू नका. डबा जाड पिशवीत गुंडाळा, वर नाव लिहा, आणि घरगुती घातक कचरा म्हणून पालिकेच्या संकलनाला वेगळा द्या. २०१६च्या घनकचरा नियमांत कीटकनाशकांचे डबे या वर्गातच धरले होते.

पंप कुठे धुतला

फवारणी नीट झाली, अंडी वाचवली, आणि शेवटी माणूस पंप गटाराच्या जाळीवर धुतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट सवय. बडोद्यात रस्त्याकडेच्या पावसाळी पाण्याला कांस, म्हणजे नाला, असते. भुखी कांस विश्वामित्रीला मिळते, विश्वामित्री पुढे ढाढरला, आणि ढाढर खंभातच्या आखाताला. कांसेत ओतलेलं पाणी मासा पितो, मासा मगर खाते, मगर कित्येक दशकं जगते आणि दरवर्षी अंडी घालते.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला सांगा : पंप तीन वेळा विसळायचा, आणि ते विसळलेलं पाणी जिथे औषध मारलंय त्याच कोरड्या जागेवर संपवायचं. म्हणून औषध कालवतानाच थोडं कमी कालवायचं. रिकाम्या बाटलीलाही तीन वेळा विसळून भोक पाडायचं, नाहीतर ती भंगारवाल्याकडून रॉकेल भरायला जाते. फवारणीवाला कुरकुर करेल. चहा द्या, पण पाणी ओतू देऊ नका.

परिणाम कसा बघायचा

पालीचा हार्मोन घरी मोजता येत नाही, त्याला रक्त आणि प्रयोगशाळा लागते. टरफलं मात्र मोजता येतात. मघाशी न उचललेली टरफलं याचसाठी. पिल्लू बाहेर पडलेलं अंडं उघडं, अर्ध्या वाटीसारखं असतं. न उबलेलं अंडं अख्खं, पिचकलेलं किंवा पिवळं पडलेलं. ऑक्टोबरमध्ये त्याच फटींत दोन्ही मोजून वहीत लिहा, त्या वर्षी घरात कुठलं औषध कधी मारलं तेही शेजारी. पुढच्या ऑक्टोबरला परत. एका वर्षावरून काही म्हणता येत नाही. न उबलेली अंडी उन्हाने, मुंग्यांनी, बुरशीनेही राहतात. पण तीन-चार वर्षांची वही झाली, आणि स्प्रेचं वर्ष व जेलचं वर्ष यांत फरक दिसला, तर ते पान मला दाखवा. जुलैमध्ये रात्री ओटल्यावरच्या दिव्यापाशी बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब पिल्लं दिसतात, त्यांचीही नोंद ठेवा.

बिल घेताना

"हर्बल आहे" एवढ्यावर मान डोलावू नका. शेवंतीच्या जातीच्या फुलांतून काढलेलं पायरेथ्रमही वनस्पतीचंच, आणि पालीला ते चढतंच. बिलावर औषधाचं टेक्निकल नाव, टक्केवारी, नोंदणी क्रमांक, किती लिटर पाण्यात किती घातलं, कुठल्या खोलीत मारलं आणि तारीख, एवढं लिहून घ्या. बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. लिहून द्यायला जो काचकूच करतो त्याला दारातूनच परत पाठवा. दुसरा मिळतो, बडोद्यात आम्ही पुष्कळ आहोत.